एक चौकोन जंगल

फेब्रुवारी लागला की मी घरातली निम्मी कामं खिडकीशी बसून करते. भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, पुण्याच्या बहिणीशी फोनवर भांडण, सगळं तिथेच. खाली कंपाउंडला लागून कडुनिंब आहेत. थंडी ओसरते, ऊन जरा टोचायला लागतं आणि त्यांची पानं पिवळी पडून गळू लागतात. पुस्तकातली पानगळ थंडीने होते, आमच्या दख्खनची तहानेने. जमिनीतलं पाणी खोल जातं तशी झाडं अंगावरचं एकेक कमी करत जातात. आमच्या अपार्टमेंटची यादम्मा सकाळी तो सगळा पाला झाडून काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरते, तोंडं आवळते आणि फाटकापाशी ठेवून देते. त्या पिशव्या दिसल्या की मला खाली जाऊन त्यांच्या गाठी सोडाव्याशा वाटतात. या वयात तसं काही केलं तर वॉचमन बंगळुरात माझ्या मुलाला फोन करेल.

पावसाळ्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांचं त्यांना लखलाभ. माझ्याकडे आहे ती एक पानगळ. तेव्हा आम्ही हैदराबादच्या बरकतपुऱ्यात राहत होतो, देशाने आपली दारं नुकतीच बाहेरच्यांना उघडली होती आणि माझा नवरा जंगलाचा श्वास मोजत होता.

हे पुण्यात कुणाला सांगायची सोय नव्हती. माझी आत्या म्हणायची, "नीला, जावई नक्की काय करतात गं? एकदा नीट सांग बाई." मी सांगायचे. जमीन आणि हवा यांच्यात कार्बनची देवाणघेवाण सतत चालू असते. उन्हात झाडं हवेतला कार्बन ओढून घेतात, त्याचं पान, खोड, मूळ करतात. बराचसा श्वासावाटे परतही सोडतात. मग पान गळतं, मातीत कुजतं आणि कुजता कुजता त्यातला उरलेला कार्बनही हळूहळू हवेत जातो. घेतलं किती, सोडलं किती, याची समीकरणं मांडायची, संगणकाला द्यायची आणि अख्ख्या जंगलाचं काय चाललंय ते काढायचं. याला मॉडेल म्हणतात. आत्या सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पगार वेळेवर होतो ना?"

श्रीपादचं घराणं जुन्या हैदराबाद संस्थानातल्या मराठी शेतकऱ्यांचं. शेती मागे राहिली, घर शहरात आलं आणि नोकरदार झालं. घरात मराठीच बोलत, पण तिच्यात दखनी मुरलेली आणि तेलुगूची फोडणी वरून. "नक्को" आणि "हौ" मला लवकर जमलं. पुण्याची सून नवऱ्याला अरेतुरे करते, हे सासूबाईंच्या गळी उतरायला मात्र फार वेळ लागला. ऑफिसात श्रीपादच्या खोलीत बसणारी माणसं त्या काळात एकेक करून सॉफ्टवेअरकडे निघाली होती. त्याच्याबरोबर बसून ज्यांनी संगणकात जंगलं उभी केली, ते आता अमेरिकेतल्या बँकांची कामं करत होते. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर त्यांचे फोन यायचे, तूही चल म्हणून. श्रीपादचं उत्तर ठरलेलं, "हे संपू दे की." त्याच्या मॉडेलमधले पानगळीचे आकडे थंड देशांतून उसने आणलेले होते. त्या आकड्यांप्रमाणे आपली झाडं बर्फाला घाबरून पानं गाळत. ते त्याला सहन होत नव्हतं. एक अख्खी पानगळ आपल्या रानात मोजायची, एवढं त्याने मनाशी धरलं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर आमची मुलगी गेली.

कोठी भागातल्या एका दवाखान्यात ती झाली, दिवस भरायच्या आधी. बारसं व्हायच्या आतच गेली. कुणाची काही चूक नव्हती. इतक्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. पुरायला पुरुष जातात आणि कुठे पुरलं ते आईला सांगत नाहीत. का, तर आई तिथे जाऊन बसते, तिचं मन माघारी फिरत नाही, पुढचं मूल राहत नाही. श्रीपाद आणि त्याचे काका तिला घेऊन गेले, संध्याकाळी परत आले, दोघांनी आंघोळी केल्या. मी पडल्यापडल्या विचारलं, "कुठे?" काका म्हणाले, "पोरी, ते विचारायचं नसतंय." श्रीपाद भिंतीकडे बघत होता.

मला दुसरं काही नको होतं. ती कुठे आहे, एवढं कळायला हवं होतं. एवढ्या मोठ्या शहरात कुठल्याही कुशीवर झोपलं तरी वाटायचं की आपण तिच्याकडे पाठ केली आहे. मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले. विचारलं की श्रीपाद उठून जायचा. भांडला असता तर बरं झालं असतं, निदान काहीतरी बोलला असता. येणारी-जाणारी माणसं सांगत, होईल गं दुसरं, अजून वय काय तुझं. मी त्यांना चहा करून द्यायचे.

डिसेंबरात त्याला पाला झेलायच्या जाळ्या हव्या होत्या. गळलेलं पान मातीला लागायच्या आत झेलावं लागतं. एकदा ते खाली पडलं की वाळवी आणि बुरशी आपला वाटा काढून घेतात आणि वजन चुकतं. ऑफिसातून मंजुरी येईपर्यंत झाडांना नवी पालवी फुटली असती. "घरात मच्छरदाणीचं कापड आहे का गं थोडं?" त्याने विचारलं. होतं. पाळण्यासाठी आणलेली गुलाबी काठाची नवी मच्छरदाणी कपाटात घडीची घडी पडून होती. मी ती काढली आणि कापली. तिची एक जाळी झाली, बाकीच्या सुलतानबाजारातून आणलेल्या साध्या कापडाच्या. शिवताना मी रडले नाही, मशीनचा दोरा मात्र सारखा तुटत होता. श्रीपादने ती गुलाबी काठाची जाळी हातात घेतली, काठावरून बोट फिरवलं आणि तिची वेगळी घडी करून ठेवली.

जानेवारीपासून पोती यायला लागली. विकाराबादच्या बाजूच्या रानातून ऑफिसच्या जीपने यायची, आणि आमच्या गच्चीवर चढायची, कारण ऑफिसातली पाला वाळवायची भट्टी बिघडली होती आणि तिचा कुठलासा भाग परदेशातून यायचा होता. देशाची दारं उघडली होती खरी, पण तो भाग काही त्यातून आत येत नव्हता. सासूबाई जिन्याखाली उभ्या राहून पोत्यांकडे बघायच्या. "लोकं रानातून सीताफळं आणतेत, जांभळं आणतेत. आमचं लेकरू पाला आणलालंय." मी शिकवत होते त्या शाळेतून माझी रजा चालूच होती. दुपारी मी वर जायला लागले.

पाला निवडायचा असतो. पानं एकीकडे, काटक्या एकीकडे, फुलं-शेंगा तिसरीकडे आणि कशाचं काय ते ओळखू येत नाही असा चुरा वेगळा. सागाचं पान हातात पापडासारखं मोडतं. तेंदूचं वाळलं तरी चिवट राहतं. ऐनाच्या पानाला मागून देठापाशी दोन बारीक गाठी असतात, त्या बोटाला लागल्या की न बघता ओळखता येतं. सगळ्या दुपारभर हात चालू राहायचे आणि डोकं रिकामं असायचं. ते रिकामेपण मला फार हवंसं वाटे. शनिवारी-रविवारी श्रीपाद शेजारी बसायचा. आमचं त्या महिन्यांतलं सगळं बोलणं पाल्याचं. हे काय आहे, हे कुठे टाकू, ही शेंग कसली. नवरा-बायकोने बोलायच्या बाकीच्या सगळ्या गोष्टी आम्ही बाजूला ठेवून दिल्या होत्या.

या कामात तो भलता कर्मठ. अळीने जाळी केलेलं एक पान मी फेकलं तर केराच्या डब्यातून काढून आणलं. "अळीने खाल्लेलं पण धर की. तिनं पण हवेतच सोडलं ना ते." एकदा वाऱ्याने थोडा चुरा उडाला. मी म्हटलं, लिही अंदाजे, चिमूटभर तर होता. तो खरोखर रागावला. "अंदाजे लिहायचं तर घरी पंख्याखाली बसून लिहिलं असतं. जे आहे तेच लिहायचं." दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. चिमूटभर चुऱ्यासाठी असा फुरंगटून बसणारा नवरा पुण्यातल्या कुठल्याच मैत्रिणीला मिळाला नव्हता.

एक पोतं मात्र जीपने यायचं नाही. ते श्रीपाद स्वतः स्कूटरवर पायांशी ठेवून आणायचा. त्यात साग नव्हता, तेंदू नव्हता, बहुतेक सीताफळाची पानं. चुरगळली की उग्र वास यायचा. "हा कुठला रे?" मी विचारलं. "शहराजवळचा एक प्लॉट आहे. झुडपांचा," तो म्हणाला आणि दुसऱ्या पोत्याची गाठ सोडायला लागला. मला ते पोतं आवडायचं. हलकं होतं, आणि संपल्यावरही तळहाताला वास राहायचा.

मग होळी आली. गल्लीत मराठी, तेलुगू, मारवाडी अशी सगळी घरं, आणि होळी एकच. दुपारपासून मंडळाची माणसं दारोदार लाकूडफाटा मागत फिरत होती. मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. सासूबाईंनी त्यांना गच्चीवर नेलं आणि म्हणाल्या, वर आहे ते सगळं घेऊन जा. फाल्गुनात माणूस पोत्यांनी वाळका पाला साठवतो तो होळीशिवाय दुसऱ्या कशासाठी, हे त्यांना कधी सुचलंच नाही. उलट लेकाने यंदा एवढं मनावर घेतलं म्हणून त्या मनातून सुखावल्या होत्या. दीड महिन्याची ऐन भरातली पानगळ जिन्यावरून खाली गेली आणि पुरण वाटण्याच्या आवाजात मला काही कळलं नाही.

श्रीपाद ऑफिसातून आला तेव्हा होळी पेटली होती. वाळका पाला तो, धडधडून वर गेला. सासूबाई हातात नैवेद्याचं ताट घेऊन डोळे मिटून उभ्या होत्या, ओठ हलत होते. त्या काय मागत होत्या ते मला ठाऊक होतं. श्रीपादने गच्चीकडे पाहिलं, मग आगीच्या कडेला पडलेल्या रिकाम्या पोत्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा आईवर ओरडणार. तो स्कूटर स्टँडवर लावायलाही विसरला, ती तशीच भिंतीला टेकवली आणि आमच्या पायरीवर बसला.

"कुजायला किती वर्षं लागली असती याला," तो म्हणाला. "आत्ताच गेला सगळा. एकदम."

आणि तो रडायला लागला. बाळ गेलं तेव्हा रडला नव्हता. तोंड उघडं टाकून, आवाज काढून, गल्लीसमोर रडला. सासूबाईंच्या हातातलं ताट कलंडलं. "अरे, पाल्यासाठी असा रडलालास का रे? दुसरा आणता येत नाही का? मला काय माहीत होतं, लेकरा?" त्यांच्याकडे न बघता तो मला म्हणाला, "त्यातलं एक पोतं तिकडचं होतं, नीला."

तिकडचं म्हणजे कुठलं, ते मला विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं शहर रंगात होतं. आम्ही सकाळीच स्कूटरवर निघालो. आमच्यावर कुणी रंग टाकला नाही. आमचे चेहरेच तसे असावेत. शहर संपलं, मागे पडलं, पश्चिमेला मोठमोठे खडक सुरू झाले. एकावर एक कुणी रचून ठेवावेत असे. त्यांच्यामागे माळ होता, सीताफळाची झुडपं निष्पर्ण उभी होती. काकांच्या ओळखीच्या माणसाची ती जमीन. श्रीपाद पुढे चालत होता. एका झुडपापाशी थांबला. चार काठ्यांवर जाळी ताणून बांधलेली होती. गुलाबी काठाची. तिच्याखाली माती जरा वर आलेली, तिच्यावर दगड मांडलेले. वरच्या जाळीत काल-परवाची चार पानं पडली होती.

त्याने बाकीचे सगळे प्लॉट नियमाप्रमाणे निवडले होते. हा एकच त्याने आपल्या मनाने घेतला होता, आणि त्यासाठी साहेबांना काहीतरी शास्त्रीय कारण सांगितलं होतं. दर पंधरवड्याला यायला त्याला निमित्त हवं होतं. नुसतं यायला तो धजला नसता.

मी खाली बसले. मग मी त्याला विचारलं, "ती पानं... म्हणजे तिच्यातलं काही त्यात होतं का?"

कुठल्याही दुसऱ्या नवऱ्याने त्या क्षणी हो म्हटलं असतं.

"नाही," श्रीपाद म्हणाला. "ती पानं पावसाळ्यात फुटलेली. आपलं बाळ नंतर आलं. आणि झाड कार्बन मातीतून घेतच नाही, हवेतून घेतं."

"मग ती?"

"माती सोडते ना हळूहळू हवेत. तिथून मग कुठल्यातरी पानात." त्याने सगळ्या माळाकडे हात केला, खडकांकडे, शहराकडे. "कुठल्या, ते सांगता येत नाही. आमच्या मॉडेलला पण येत नाही."

माझं सांत्वन करायला तोवर किती माणसं आली होती. पण मला घट्ट धरून ठेवलं ते या एवढ्याशा वाक्यांनी. घरी येताना वाटेत एका टपरीवर आम्ही चहा घेतला आणि तिच्याविषयी बोललो. तिचे कान कुणासारखे होते यावर आमचं चक्क भांडण झालं.

त्या वर्षीचे पानगळीचे आकडे अर्धवटच राहिले. अहवालात श्रीपादने नमुने जळाले असं सरळ लिहिलं, दुसऱ्या वर्षी पुन्हा जाळ्या बांधल्या आणि ते काम पुरं केलं. सॉफ्टवेअरमध्ये तो गेला नाही. पुढे आम्हाला मुलगा झाला. त्याला मराठी बोलता येतं, वाचता धड येत नाही, त्यामुळे हे मी मोकळेपणाने लिहू शकते. दर पानगळीत आम्ही दोघं त्या माळावर जायचो, तासभर बसायचो, घरी यायचो. मग एका वर्षी तिथे सुरुंगाचे आवाज येत होते, खडक फुटत होते. पुढच्या वर्षी भिंत होती, भिंतीला फाटक आणि फाटकावर गणवेशातला माणूस.

"किससे मिलना है, साब?" त्याने अदबीने विचारलं.

श्रीपादने स्कूटर वळवली. त्यानंतर आम्ही तिकडे कधी गेलो नाही आणि त्याविषयी पुन्हा बोललोही नाही.

श्रीपाद तेव्हा मॉडेलसाठी मोठा नकाशा करत होता. उपग्रहाची चित्रं घ्यायची, सगळ्या मुलखाचे किलोमीटरभराचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला काय आहे ते नेमून द्यायचं. जंगल, झुडपं, शेत, पाणी, शहर. जंगलाचा चौकोन घेतो आणि सोडतो, झुडपांचाही. शहराच्या चौकोनात मॉडेल शून्य धरतं, तिथे थांबतच नाही. दर थोड्या वर्षांनी नवी चित्रं यायची आणि तो नकाशा सुधारायचा. जेवताना सांगायचा, "हैदराबादचे शून्य वाढलालेत गं." मी म्हणायचे, भात घे अजून.

आता तो निवृत्त आहे, गुडघे धरलेत. चिक्कडपल्लीच्या या फ्लॅटमध्ये आमचं दोघांचं बरं चाललंय. गेल्या आठवड्यात त्याच्या हाताखाली शेवटी शेवटी काम केलेली लावण्या भेटायला आली. गुणी मुलगी आहे, मिठाईचा डबा घेऊन आली. सरांचं मॉडेल अजून चालू आहे, त्यात नवनवीन गोष्टी घातल्या, असं उत्साहाने सांगत होती. मग हसून माझ्याकडे वळली.

"आंटी, सर के नक्शे में एक गलती मिली हमको. सर की गलती! कोई मानाच नहीं. उधर बड़े पत्थरों के पीछे, जहाँ अब सब सॉफ्टवेअर कंपनियाँ हैं ना, पूरा बिल्डिंगाँच बिल्डिंगाँ है, और बीच में एक डब्बा जंगल! हर बार नया नक्शा बना, हर बार वो एक डब्बा वैसाच. हम ठीक कर दिए."

मी श्रीपादकडे पाहिलं. चिमूटभर चुऱ्यासाठी ज्याने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, त्याने इतकी वर्षं, प्रत्येक नकाशात, जाणूनबुजून एक चौकोन खोटा ठेवला होता. तिथे भिंती उठल्या, काच लागली, हजारो माणसं कामाला येऊन गेली, आणि याच्या मॉडेलमध्ये तेवढी जागा श्वास घेत राहिली. मला त्याने कधी सांगितलं नाही.

"अच्छा करे, बेटा," श्रीपाद म्हणाला. "गलतीच था वो."

लावण्याला आमच्या चेहऱ्यांवर काहीतरी दिसलं असावं. "सॉरी सर, आपसे पूछ के करना था क्या?"

"नक्को, नक्को. जो है वोइच दिखना नक्शे में." त्याचा आवाज अगदी साधा होता. चहा संपलेला कप मात्र त्याने पुन्हा ओठांना लावला.

मी उठले आणि त्याच्या हातातून कप काढून घेतला. त्याच्या शेजारी सोफ्यावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा, परक्या मुलीसमोर, त्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही.